प्लॉट तिघांचा, सह्या ४३ घरांच्या

या महिन्याच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची निघाली : ले-आउटमधल्या मोठ्या प्लॉटचे तुकडे पाडायचे की नाही, आणि शेजाऱ्यांनी ते अडवायचे की नाही. पस्तीस वर्षं नागपुरात घरांचे नकाशे काढतेय. हा प्रश्न माझ्या टेबलावर नेहमी येत राहिला आणि एकदा माझ्या माहेरच्या अंगणातही आला. म्हणून यावेळी बाकीची पत्रं बाजूला ठेवली आहेत. गच्चीच्या गळतीबद्दल ज्या तिघांनी लिहिलं आहे, त्यांना पुढच्या अंकात उत्तर देईन.

प्रश्न : आमचा ले-आउट प्रतापनगरच्या मागच्या बाजूला आहे. १९७४ मध्ये एका गृहनिर्माण संस्थेने पाडला. एकूण ६१ प्लॉट. बहुतेक ४० बाय ६० चे, आणि कोपऱ्यांवर चार मोठे, ६० बाय १०० चे. एका मोठ्या प्लॉटचे मालक निवृत्त हेडमास्तर होते, ते मागच्या वर्षी वारले. घर बंद आहे. त्यांची दोन मुलं आणि एक मुलगी प्लॉटचे तीन भाग करताहेत, त्यातले दोन विकणार असं कळलं. आम्ही ४३ घरांच्या सह्या घेतल्या आहेत. आमच्याकडे पहिल्यापासून एका प्लॉटवर एक बंगला, एक कुटुंब. नळाला दाब नाही, पावसात नाली तुंबते, गाड्या ठेवायला जागा नाही, आणि उद्या कोण राहायला येईल ते सांगता येत नाही. निवेदनाची आणि त्यांच्या कच्च्या नकाशाची झेरॉक्स सोबत पाठवतो. ही पोटविभागणी कायद्याने कशी थांबवता येईल?
(ले-आउटच्या नागरिक मंडळाचे सचिव)

उत्तर : भाऊ, निवेदन दोनदा वाचलं. तुम्ही सात कारणं लिहिली आहेत. त्यातली तीन मला मनापासून पटतात, आणि नेमकी तीच तुम्ही शेवटी, एकेका ओळीत उरकली आहेत.

आधी कायदा सांगते, कारण तुम्ही तो विचारला आहे. 'बंगल्यांचा ले-आउट' ही तुमच्याकडची वहिवाट आहे. विकास आराखड्यात तुमचा भाग निवासी म्हणून दाखवलेला आहे आणि निवासी भागात एका प्लॉटवर एकच कुटुंब राहावं, असं आपल्या राज्याच्या नियमावलीत कुठेही नाही. डिसेंबर २०२० पासून लागू झालेली जी एकत्रित नियमावली कार्यालयांत 'यूडीसीपीआर' म्हणून ओळखली जाते, तिच्यातही नाही. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात 'विकास' या शब्दाच्या व्याख्येतच जमिनीची पोटविभागणी येते. म्हणून वारसांना कलम ४४ खाली परवानगी मागावी लागेल, आणि नकाशा नियमात बसत असेल तर ती मिळेल. शेजाऱ्यांची ना-हरकत त्यात कुठे लागत नाही. परवानगी नाकारली गेली तर कलम ४७ खाली अपील करता येतं, पण तो हक्क अर्जदाराचा. परवानगी दिली म्हणून शेजाऱ्याला त्या कलमाखाली अपील नाही.

अडवणारी एक जागा असू शकते, ती तुमच्या कागदांत. संस्थेने प्रत्येकाला खरेदीखत करून दिलं आहे, की जमीन संस्थेच्या नावावर ठेवून प्लॉट भाडेपट्ट्याने दिले आहेत? आखीव पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, कोणाचं नाव आहे ते पाहा. भाडेपट्टा असेल तर त्याच्या अटी बघाव्या लागतील, संस्थेची संमती लागेल. खरेदीखत असेल, आणि तुम्ही 'मालक' हा शब्द वापरला आहे त्यावरून मला तसंच वाटतं, तर ४३ सह्यांनी काही थांबणार नाही.

आता थोडं गणित करू, कारण निवेदनाचा सगळा जोर 'तुकडे पडले की बांधकाम वाढेल' यावर आहे. ६० बाय १०० म्हणजे ६००० चौरस फूट, ५५७ चौरस मीटर. मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो निर्देशांक, १.१०. म्हणजे ६६०० चौरस फूट बांधकाम. तीन तुकडे केले तर प्रत्येक २००० चा, प्रत्येकावर २२००. तिघांची बेरीज तीच, ६६००. कागदावर रेघ मारल्याने एक चौरस फूटही वाढत नाही.

उलट प्लॉट अखंड राहिला तर काय होतं ते बघा. तुमच्या समोरचा रस्ता ३० फुटी, म्हणजे ९ मीटरच्या वर. ९ ते १२ मीटर रस्त्यावर नागपुरात ०.५० प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरून मिळतो आणि ०.४० टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीवरचा बांधकामाचा हक्क, विकत घेता येतो. एकूण २.००. ६००० फुटांवर १२,००० फूट, आणि निवासी इमारतीला त्याच्यावर ६० टक्क्यांपर्यंत पूरक एफएसआय. तुकड्यांनाही निर्देशांक तोच लागू आहे. पण दोन हजार फुटांच्या प्लॉटवर चारी बाजूंना मोकळी जागा सोडून एवढं बांधकाम उभं करणं फार कमी लोकांना जमतं आणि परवडतं. अखंड ६००० वर ते सहज बसतं. कोपऱ्यावरचे बंद बंगले शोधत फिरणाऱ्या प्रत्येक बिल्डरला हे गणित पाठ आहे.

तिघा भावंडांना आपापला भाग वेगळा करता आला नाही तर ते काय करतील, याचा विचार सह्या घेताना कोणी केला का? त्यांच्यापैकी एकाला पैशांची गरज असेल, दुसऱ्याला राहायचं असेल. वाटणी होत नाही म्हटल्यावर ते एकच गोष्ट करू शकतात : अख्खा प्लॉट विकणं. मग तिथे फ्लॅट स्कीम होईल. आज तुम्ही तीन घरं अडवताय आणि त्या जागी दहा-बारा फ्लॅटची वाट मोकळी करून देताय. हे मी घाबरवायला लिहीत नाही. धरमपेठपासून त्रिमूर्तीनगरपर्यंत कुठल्याही गल्लीत उभं राहून मोजून पाहा.

आता तुमची तीन खरी कारणं.

पहिलं पाणी, नळाचं नव्हे, पावसाचं. पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर नवं बांधकाम करताना पावसाचं पाणी जिरवायची व्यवस्था करावीच लागते. हेडमास्तरांचा प्लॉट ५५७ चा, म्हणजे त्या नियमात येतो. तीन तुकडे झाले की प्रत्येक १८६ चा, आणि तिन्ही सुटतात. तुमच्या निवेदनात हे यायला हवं होतं. तुम्हीच त्यात लिहिलंय की हेडमास्तरांच्या अंगणात जुनी विहीर आहे आणि उन्हाळ्यातही तिला पाणी असतं. ती विहीर तिन्ही घरांच्या सामाईक मालकीची ठेवा, तिन्ही गच्च्यांचं पाणी गाळून तिच्यात सोडा आणि हे वाटणीपत्रात लिहून घ्या, एवढी एकच मागणी घेऊन वारसांकडे गेलात तर तुमच्या नालीवरचा ताण खरोखर कमी होईल.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं. त्या आठवड्यात अंबाझरी ले-आउट आणि कॉर्पोरेशन कॉलनीतल्या ओळखीच्या सात घरांत मी गेले होते. भिंतीवर छातीइतक्या उंचीला चिखलाची रेघ होती. एका आजींचा देव्हारा तरंगत स्वयंपाकघरात गेला होता. तलाव आणि नदीचं जे व्हायचं ते झालंच, पण सातपैकी सहा अंगणांत मातीची वीतभर जागा उरली नव्हती. सगळीकडे गट्टू, सिमेंटचे ठोकळे. पाणी मुरायला जागाच नाही आणि सिमेंटचा रस्ता जोत्याच्या वर. भाऊ, एक काम करा. सह्या करणाऱ्या ४३ घरांपैकी किती घरांची अंगणं अजून मातीची आहेत ते एका रविवारी मोजून या. तो आकडा निवेदनात लिहिण्याची तयारी ठेवा.

दुसरं, तुकड्यांचा आकार. वारसांच्या कच्च्या नकाशात २० बाय १०० च्या तीन लांब पट्ट्या आहेत, कारण तिघांनाही मोठ्या रस्त्यावर तोंड हवं आहे. हे वाईट आहे आणि याला जरूर विरोध करा. वीस फुटांत दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडली तर घर बारा-तेरा फूट रुंद राहतं, डब्यासारखं. नाही सोडली तर भिंतीला भिंत, मधल्या घरात ना उजेड ना हवा. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की अशा घराच्या मधल्या खोलीत कूलरसुद्धा चालत नाही, कारण त्याला मागून कोरडी हवा ओढायला खिडकीच नसते. पण हा प्लॉट कोपऱ्यावरचा आहे! दुसऱ्या बाजूलाही रस्ता आहे. रेघा आडव्या मारल्या तर ३३ बाय ६० चे तीन प्लॉट पडतात, म्हणजे तुमच्याच ४० बाय ६० च्या भावंडांसारखे दिसतात. तिन्हींना रस्ता, तिन्हींना बाजूची हवा, आणि प्रत्येकाची गाडी आपल्या फाटकाच्या आत. तुमचा गाड्यांचा प्रश्नही बराचसा इथेच सुटतो. हा नकाशा मी काढून पाकिटात घातला आहे. तो हेडमास्तरांच्या मुलीला दाखवा. तिच्या वाट्याला मधली पट्टी आली आहे, ती नक्की ऐकेल.

तिसरं, पायवा. तुमच्याकडे काळी माती आहे, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. १९७४ ची घरं विटांच्या भिंतींवर उभी आहेत आणि त्यांचा पायवा उथळ आहे. कंपाउंडला लागून कोणी खोल खोदकाम केलं की शेजारची भिंत तडकते. म्हणून खोदायच्या आधी लगतच्या घरांचे आतून-बाहेरून फोटो काढून ठेवा, तारखेसह, आणि बांधणाऱ्याची त्यावर सही घ्या. पावसाळ्यात खड्डा उघडा ठेवायचा नाही, हे लेखी घ्या. परवानगी झाली की दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करून मंजूर नकाशाची प्रत मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मग टेप घेऊन जा आणि मोकळ्या जागा मोजा. नियमाबाहेरचं बांधकाम दिसलं तर तिथे तुमची एकट्याची तक्रारही पुरेशी आहे, ४३ सह्या लागत नाहीत.

राहिली ती ओळ : 'उद्या कोण राहायला येईल ते सांगता येत नाही.' ती खोडा. १९७४ मध्ये तुम्ही आलात तेव्हा आजूबाजूच्या शेतमालकांनाही तुम्ही कोण ते माहीत नव्हतं. या वाक्याचा अर्थ नागपुरात लहान मुलालाही कळतो, आडनाव विचारून घर देणाऱ्यांची ही भाषा आहे. १९५६ मध्ये ज्या शहरात दीक्षाभूमीवर लाखो माणसं जमली, त्या शहरात अशा ओळीखाली ४३ सुशिक्षित घरांच्या सह्या असाव्यात याचं मला फार वाईट वाटलं. सह्या करताना सगळ्यांनी ती ओळ वाचली असेल असं मला वाटत नाही. आता वाचून दाखवा.

प्रश्न : माझं वय ६८. आमचा प्लॉट ५० बाय ८०, माझ्या आणि यजमानांच्या नावावर. ते २०१६ मध्ये गेले, मृत्युपत्र केलं नव्हतं. मुलगा पुण्याला स्थायिक आहे. मुलगी घटस्फोटानंतर नातीला घेऊन इथेच किरायाने राहते. अर्धा प्लॉट तिच्या नावावर करून द्यावा, ती मागे लहानसं घर बांधेल, असं ठरवलं आहे. मुलाची काही हरकत नाही. पण शेजारी म्हणतात, तुम्ही सुरुवात केली की सगळे तुकडे करतील. गेले दोन महिने भिशीचा निरोपही मला येत नाही. चाळीस वर्षांचा शेजार आहे. मी चुकतेय का?
(एक वाचक, पश्चिम नागपूर)

उत्तर : काकू, नाही. तुम्ही चुकत नाही.

तुमच्या पत्रानंतर दोन दिवस मी दुसरं पत्र उघडलं नाही. आमच्या वडिलांनी १९६६ मध्ये ५० बाय ९० चा प्लॉट घेतला. पोस्टात कारकून होते, हप्ते फेडायला नऊ वर्षं लागली. मागच्या कोपऱ्यात कडुनिंब होता आणि त्याच्याखाली उन्हाळ्यात आमच्या खाटा. १९९८ मध्ये वडील गेले. दोन भाऊ आणि मी. मी तेव्हा नकाशे काढायला लागून दहा वर्षं झाली होती, म्हणून वाटणीचा नकाशा मीच काढला : तीन भाग, कडुनिंब माझ्या भागात, आणि त्याच्या बुंध्यापासून दहा फूट सोडून घर. अर्ज दिला. आठवड्याभरात शेजारच्या १९ जणांचं निवेदन गेलं. त्यात ते काका होते, ज्यांच्या सायकलवर बसून मी शाळेत गेले. कार्यालयाने 'वाद मिटवून या' म्हणून अर्ज बाजूला ठेवला. नियमात असं काही नव्हतं, पण माझ्यात तेव्हा भांडायचं बळ नव्हतं. भाऊ म्हणाले, तू सध्या हक्कसोडपत्रावर सही कर, पुढे बघू. मी सही केली.

पुढे म्हणजे २००५ मध्ये दोघांनी अख्खा प्लॉट एका बिल्डरला दिला. कडुनिंब एका सकाळीत गेला. मला त्या भाऊबीजेला साडी मिळाली. आज तिथे चार मजले आणि बारा फ्लॅट आहेत, आणि ज्या काकूंनी निवेदनावर पहिली सही केली होती त्यांच्या गच्चीवर दुपारी तीननंतर ऊन पडत नाही. वाळवणं त्या आता बहिणीकडे नेऊन करतात. त्यांनीच मला हे सांगितलं, आणि माझा हात हातात घेऊन बराच वेळ बसल्या.

म्हणून काकू, हक्कसोडपत्राची गोष्ट घरात निघाली तर मुलीला सही करू देऊ नका. वडिलोपार्जित मिळकतीत भावाच्या नावे हक्क सोडायला मुद्रांक अगदी नाममात्र लागतो, २०२४ पर्यंत तर फक्त २०० रुपयांचा होता. इतक्या स्वस्तात बाईचं घर जातं. ले-आउटात 'तुकडे नकोत' म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही की तुकडा होत नाही तेव्हा वाटा सोडावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा मुलीचाच असतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. पण जमिनीवर रेघ पडेपर्यंत तो वाटा कागदावरच राहतो.

तुमचा हिशेब असा. निम्मा प्लॉट तुमचा स्वतःचा. यजमानांच्या निम्म्याचे तीन वारस, तुम्ही आणि दोन मुलं, प्रत्येकी सहावा हिस्सा. म्हणजे तुमचे दोन तृतीयांश झाले आणि मुलांचा एकेक सहावा. मुलीला तिचा सहावा हिस्सा आहेच, वरचा एक तृतीयांश तुम्ही बक्षीसपत्राने द्या, अर्धा पूर्ण होतो. राहत्या मिळकतीचं मुलीला बक्षीसपत्र करायला मुद्रांक शुल्क २०० रुपयेच आहे. शहरात त्यावर स्थानिक अधिभार लागतो, तो किती ते दुय्यम निबंधकांकडे आधी विचारून घ्या.

क्रम मात्र चुकवू नका. आधी आखीव पत्रिकेवर तिघांची वारस नोंद. मग भूमी अभिलेखकडे पैसे भरून मोजणी. मग वास्तुशिल्पकाराकडून पोटविभागणीचा नकाशा आणि त्याची मंजुरी. त्यानंतरच बक्षीसपत्र, आणि शेवटी मुलीच्या नावाची वेगळी आखीव पत्रिका. घाईत कोणी 'आधी दस्त करून टाका' म्हणेल, ऐकू नका. परवानगी नसताना तुकडे पाडून विकल्यामुळेच नागपुरात '५७२' आणि '१९००' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनधिकृत ले-आउटांचा तो गुंता झाला, २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा करावा लागला, आणि आजही प्लॉट घेताना माणूस पहिल्यांदा 'आरएल आहे का?', म्हणजे प्लॉट नियमित असल्याचं पत्र आहे का, असं विचारतो.

मागच्या घराला रस्ता कुठून देणार, ते तुम्ही लिहिलं नाही. तुमच्या घराच्या बाजूने वाट सोडावी लागेल. तिची रुंदी नियमाप्रमाणे ठेवा आणि ती जागा मुलीच्या मालकीची करा, नुसता जाण्या-येण्याचा हक्क नको. उद्या तुमच्या भागात दुसरं कोणी आलं तर नातीला फाटकापाशी कोणाची परवानगी मागायला लागू नये.

भिशीबद्दल मला काही सांगता येत नाही, काकू. पण नकाशा मंजूर झाला की शेजारच्या दोघी-तिघींना घरी बोलवा आणि टेबलावर तो पसरून दाखवा. बऱ्याच जणींना आत्ता डोळ्यांपुढे चार मजली इमारत दिसत असेल. मागे दोन खोल्या आणि ओसरी येणार आहे, हे त्यांनी अजून पाहिलेलंच नाही.

प्रश्न : आमचा प्लॉट नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजचा आहे. दोघा भावांनी अर्धा-अर्धा करून घेतला तर चालेल का?

उत्तर : आपसात ठरवून चालणार नाही. जमीन भाडेपट्ट्याची आहे, म्हणून पट्टा देणाऱ्याची लेखी परवानगी आधी लागेल. लीजची मुदत संपली आहे का, नूतनीकरण झालं आहे का, भूभाटक थकलं आहे का, हे पहिल्यांदा बघा. अर्ज बहुतेक वेळा याच तीन जागी अडकतात. नझुलाच्या, म्हणजे सरकारी, जमिनीवर राहणाऱ्यांनाही हेच, फक्त त्यांना जिल्हाधिकारी कार्यालयात जावं लागेल.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला असतो. तिकडेही घरांच्या प्लॉटचे तुकडे करायला शेजारी विरोध करतात म्हणे. एवढ्या श्रीमंत देशात हे का?

उत्तर : तिथली गोष्ट आपल्यापेक्षा वेगळी आहे, आणि समजून घेण्यासारखी आहे. आपल्याकडे एका प्लॉटवर एक कुटुंब ही नुसती सवय आहे. तिथे तो कायदा होता. १९१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कले शहराने काही भाग फक्त एका कुटुंबाच्या स्वतंत्र घरांसाठी राखून ठेवले, आणि मग ही पद्धत देशभर पसरली. काळ्या आणि आशियाई लोकांना लांब ठेवणं हाही त्यामागचा एक हेतू होता. २०२१ मध्ये त्याच बर्कलेच्या नगर परिषदेने हा इतिहास मान्य केला आणि ती पद्धत मोडण्याचा ठराव केला. पहिल्या पत्रातली जी ओळ मी खोडायला सांगितली, ती मला इथे पुन्हा आठवते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियात 'एसबी ९' हा कायदा झाला आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. एका घराच्या प्लॉटचे दोन भाग करता येतात. लहान भाग मूळ प्लॉटच्या ४० टक्क्यांहून कमी नको आणि कुठलाही भाग १२०० चौरस फुटांपेक्षा लहान नको. तुकडे करणाऱ्याला आपण तीन वर्षं तिथेच राहणार, असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. शेजाऱ्यांची सुनावणी होत नाही, नियमात बसलं की परवानगी द्यायचीच. याला मोठा विरोध झाला. वुडसाइड नावाच्या श्रीमंत गावाने तर अख्खं गाव पहाडी सिंहांचा (प्यूमांचा) अधिवास आहे असं जाहीर करून सूट मागितली. राज्याच्या अॅटर्नी जनरलने पत्र पाठवल्यावर ते मागे घ्यावं लागलं.

मला त्यापेक्षा टेक्सासमधल्या ह्यूस्टनचं उदाहरण आपल्या कामाचं वाटतं. तिथे १९९८ मध्ये शहराच्या मध्यभागात लहानात लहान प्लॉटची मर्यादा ५००० वरून १४०० चौरस फुटांवर आणली. पण एखाद्या गल्लीतल्या घरमालकांना आपल्या गल्लीपुरती मोठी मर्यादा हवी असेल तर त्यासाठी रीतसर अर्ज करायची सोयही ठेवली. म्हणजे विरोध करायचा तर उघडपणे, सगळ्यांसाठी सारखा नियम मागून करायचा. वारलेल्या एका माणसाची तीन मुलं एकटी गाठून नाही. तुमच्या मुलाला विचारा, त्याच्या गल्लीत काय चाललंय. कळलं तर मलाही लिहा.

प्रश्न : आम्ही दोघी बहिणी आहोत. वडिलांचा ५० बाय ६० चा प्लॉट दोन सारख्या भागांत वाटतोय. शेजाऱ्यांनीही आता हो म्हटलं. पण मधली रेघ नेमकी आंब्याच्या झाडातून जाते. वडिलांनी तो १९७१ मध्ये लावला होता. वास्तुशिल्पकार म्हणतात, झाड काढावं लागेल.

उत्तर : काढू नका. १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ते तोडता येत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड 'वारसा वृक्ष' ठरतं. तुमचा आंबा त्यात बसतो. पण मला कायद्यापेक्षा सोपं वाटतं ते सांगते. दोन भाग फुटाफुटाने सारखे असले पाहिजेत असं कोणी सांगितलं? रेघ चार फूट सरकवा. एकीला २९ फूट रुंदी मिळेल, दुसरीला २१. फरक फार वाटला तर रेघ सरळ न ठेवता झाडापाशी वळवा आणि पुढे पुन्हा मध्यावर आणा. त्यात फक्त झाडाजवळची थोडी जागा इकडची तिकडे होते, तिची किंमत रेडीरेकनरने, म्हणजे सरकारी दरतक्त्याने, काढून वाटणीपत्रात लिहा. नकाशात वळण असलं म्हणून मंजुरी अडत नाही. झाडाच्या बाजूला कंपाउंड पक्कं बांधू नका, मुळांवर पायवा येईल, तारेची जाळी लावा. आणि आंबे कोणाचे तेही वाटणीपत्रात लिहून ठेवा : दोघींचे, निम्मे-निम्मे. फांदी कुठल्या बाजूला झुकली आहे ते बघायचं नाही.